जुनी एमएक्स-५: एनबी घ्यावी की एनसी?

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, माझदा एमएक्स-५ या दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या गाडीची दुसरी पिढी काय आणि तिसरी काय, दोन्ही जुन्याच, मग एवढा विचार कसला, असं तुम्ही विचारलंत. फोनवर हे नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत तिसऱ्या पिढीच्या बाजूने आहे: २००९ नंतरची, दोन लिटर इंजिनाची, कापडी टपाची. आणि त्याचं कारण इंजिनात कमी, पत्र्यात जास्त आहे.

दुसऱ्या पिढीला सगळे एनबी म्हणतात. ती १९९८ ते २००५ या काळात निघाली. तिसरी एनसी, २००५ ते २०१५. चालवायला एनबी जास्त गोड, यात वाद नाही. वजन साधारण १,०५० ते १,१०० किलो, आणि स्टिअरिंगमधून रस्ता थेट हाताला कळतो. एनसीची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून ६५ मिलिमीटर जास्त लांब बसवलेली आहेत, आतली जागा ऐसपैस आहे आणि वजनही थोडं जास्त. नुसतं चालवण्याचं सुख बघायचं असतं तर मी एनबीच घेतली असती.

पण इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ धरू नये म्हणून चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतलं खडेमीठ गाड्या भरभरून पसरतात. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत गेटाचं आणि खिडक्यांच्या गजांचं काय होतं ते तुम्ही दरवर्षी बघता; इथे तोच खार पाण्यात विरघळून चाकांनी थेट गाडीच्या पोटात उडतो. सगळ्यात तरुण एनबीसुद्धा आता वीस वर्षं हे सोसून आहे.

तिचा पत्रा दोन ठिकाणी जातो. पहिलं ठिकाण म्हणजे मागच्या चाकाच्या पुढचा सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पोकळ पट्टी. टपावरचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जायला हवं. त्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पाणी सिलच्या पोकळीत साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेर रंगाचा फुगा दिसेपर्यंत आत फारसं काही उरलेलं नसतं. तपासायला सोपं आहे: टप उघडून त्या तोंडाशी हळूहळू अर्धा लिटर पाणी ओतायचं. ते मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली पडलं पाहिजे. न पडल्यास गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी आत फिरवायची. कडक तार घालायची नाही, नळी फाटते किंवा निसटते, आणि मग पाणी कायमचं आतच मुरतं.

दुसरं ठिकाण जास्त वाईट: पुढच्या चॅसीचे दोन दांडे. एनबीत तिथे पत्रा दुहेरी आहे. दोन थरांमध्ये खारं पाणी अडकतं आणि गंज आतून बाहेर येतो. इंजिनाखालचं प्लास्टिकचं आवरण काढल्याशिवाय हे दिसतच नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने दांड्यावर टकटक करायचं. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, भद्द आला तर आत पापुद्रे. आणि खालून ताजा काळा डांबरी रंग मारलेली गाडी असेल तर मी ती बघतसुद्धा नाही. वेल्डिंग होतं, पण सडका भाग कापून नवा तुकडा बसवायला मजुरी इतकी लागते की स्वस्त गाडी स्वस्त राहत नाही.

एनबीचं इंजिन मात्र दणकट. ६०,००० मैलांना, म्हणजे साधारण ९६,००० किलोमीटरला, टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा, बदलायचा. वॉटर पंप त्याच आवरणामागे असतो, म्हणून त्याच वेळी पंप, पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि पुढची ऑइल सील बदलून टाकायची. नाहीतर तेच सगळं परत उघडावं लागतं. रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी तपकिरी पडली असेल तर ती तडकायच्या बेतात आहे असं समजायचं.

एनसीला बेल्टऐवजी चेन आहे, तो खर्च वाचतो. तिचा धोका वेगळा. २००९ आधीची इंजिनं तेल खातात. मालकाने डिपस्टिक बघितली नाही की पातळी उतरते, बेअरिंग कोरडी पडतात आणि खालून ठोका ऐकू येतो. २००९ च्या बदलात दोन लिटर मॅन्युअलला फोर्ज्ड (ठोकून घडवलेला, जास्त मजबूत) क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, आला आणि इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची मर्यादा ७,००० वरून ७,५०० झाली. माझा हट्ट आहे तो या बदलासाठी. तरीही इंजिन रात्रभर थंड असतानाच गाडी बघायची, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत फिरायचं.

गंज एनसीलाही लागतो, मागच्या चाकाच्या कमानीला आणि सस्पेन्शनला. अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचा कोन जुळवायचे, बोल्ट रबरी बुशमध्ये जाम होतात आणि मग करवतीने कापून काढावे लागतात. म्हणून घेण्याआधीच अलाइनमेंट करून कागद मागायचा. बोल्ट फिरले तर आकडे बदललेले दिसतील.

कागदांचं म्हणाल तर इथे दरवर्षी एमओटी ही तपासणी असते आणि तिचा जुना इतिहास नंबर टाकून फुकट बघता येतो. ओळीने तीन-चार वर्षं गंजाचा शेरा असेल आणि मग अचानक नाहीसा झाला असेल, तर वेल्डिंगची पावती मागायची. शिवाय लंडनमध्ये जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून हा नियम शहराच्या सगळ्या बरोंना, म्हणजे विभागांना, लागू आहे. २००५ नंतर नोंदलेल्या पेट्रोल गाड्या बहुतेक यातून सुटतात. काही एनबीही सुटतात, पण प्रत्येक नंबर तपासूनच.

आई, तुला टपाची काळजी आहे. पत्र्याचं घडीचं छप्पर असलेली एनसीही मिळते. बटण दाबलं की १२ सेकंदांत दुमडतं, डिकीची जागाही खात नाही. पण वजन ३७ किलोने वाढतं आणि मोटरी बिघडल्या की दुरुस्ती महाग. कापडी टप एका हाताने मागे जातो, फाटला तर नवा शिवलेला मिळतो, आणि थंडीला हीटर पुरेसा आहे.

सीट दोनच, आणि डिकी साधारण १५० लिटरची, म्हणजे तुझी एक मधली बॅग. तेव्हा तुम्ही दोघं याल त्या दिवशी विमानतळावर मी भाड्याची मोठी गाडी घेऊन येईन. पापडांचा डबा आणताय तर तो हातातल्या सामानात ठेवा.

तुमची,
मुक्ता