नाना गेले, आणि साहेबांचा फोन

प्रिय सुध्या,

नाना गेल्याचं तुला बाहेरूनच कळलं असणार. मी कळवलं नाही, रागावू नकोस. माझी शुगर, गुडघा आहे तसंच. सुतक चालू आहे आणि काल साहेबांचा फोन: मार्चअखेर आहे, निधी परत जाईल, तेवढी बिलं काढून जा. दादा म्हणतो, तेरावा होईपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. आणि मला आठवला कोण, तर तुझा लाडका शत्रू, मिंग काळातल्या चीनचा मुख्य मंत्री चांग जूचंग! एम.ए.ला तू त्याला ढोंगी म्हणालास आणि आपला अबोला झाला, तोच.

1577. वान्ली बादशहा 14 वर्षांचा, राज्य चालवतोय हा. तिकडे गावी, च्यांगलिंगला, बाप वारला. नियम असा की 27 महिने पद सोडून घरी बसायचं. बादशहा म्हणाला थांबा, हा थांबला. पगार सोडला, साध्या कपड्यांत काम चालू. तू म्हणायचास, तो हुकूम त्यानेच राजवाड्यातल्या मुख्य खोजाकरवी, फंग पावकरवी काढवला. असेलही. पण 1572 मध्ये आधीच्या मुख्य मंत्र्याला, काओ कोंगला, एका हुकमासरशी घरी कसं धाडतात, हे त्याने फंग पावच्या साथीने स्वतःच करून पाहिलं होतं. रिकामी खुर्ची म्हणजे काय, हे त्याला शिकवायला नको. शिवाय कामाच्या त्या नोंदवह्या, प्रत्येक कामाला मुदत, मुदत चुकली की जाब. देशभरची जमीनमोजणी अजून व्हायची होती. हा घरी बसता तर सगळं गुंडाळलं गेलं असतं.

आता तू ते मांस काढशील. चाव योंगश्येन, त्याचाच विद्यार्थी, विरोध केला म्हणून दरबारात दंडे खाल्ले, तळहाताएवढं मांस गळलं आणि बायकोने ते वाळवून जपून ठेवलं. त्याचं समर्थन मी तेव्हाही केलं नव्हतं. तू उगाच माझ्या नावावर खपवतोस.

मला छळतंय ते दुसऱ्या विद्यार्थ्याचं, वू चोंगशिंगचं म्हणणं: बापलेकांनी 19 वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. 19 वर्षं, सुध्या! आपले नाना तर रोज समोरच्या खोलीत. तरी मला ऑफिसात जावंसं वाटतंय, आणि निधीसाठी नाही रे. येणारा प्रत्येकजण विचारतो, ‘शेवटी काय म्हणाले?’ शेवटी ते ‘पंखा बंद कर’ म्हणाले. किती जणांना सांगू? बिलं असलं काही विचारत नाहीत. तो सत्तेसाठी थांबला की कामासाठी, यावर आपण भांडलो; घरी जाऊन बसणं त्याला झेपणारच नव्हतं, हे विशीत सुचलंच नाही.

पुढचं तू ऐकवशीलच: 1582 मध्ये मेला, 1584 मध्ये जप्ती, घराला टाळं, आत माणसं उपाशी मेली, थोरल्या मुलाने गळफास घेतला. हुकूम कोणाचा, तर ज्या पोराला शिकवलं त्याचाच. माझ्यावर जप्ती येणार नाही, न्यायला आहे काय! पण दादा जन्मभर बोलेल.

तुझ्या लेकीचं ठरलं, फार बरं वाटलं. जावई कुठला? वहिनींना नमस्कार.

साहेबांना उद्या कळवायचंय, तेव्हा हे मिळेल त्याआधी मी गेलो तरी असेन किंवा नसेन. तेराव्याला मात्र ये. फक्त दादासमोर जूचंगचं नाव काढू नकोस. तो विचारेल, कुठल्या खात्यात होता?

तुझा,
दिल्या