साहेबांचं गाणं सोडून काहीही गा

निशि-कासाई, टोकियो
18 फेब्रुवारी

प्रिय मनू,

व्हिसा, घरभाडं, थंडीचे कपडे सगळं राहिलं बाजूला आणि बाईसाहेब विचारतात काय, तर "कराओकेला कुठलं गाणं म्हणू?" मी आधी हसले. मग म्हटलं, नाही, बाईंनी बरोबर नस पकडली आहे. तुझं काम कसं आहे हे कळायला ओसाकाच्या ऑफिसला सहा महिने लागतील. पण एप्रिलमधली स्वागताची पार्टी उरकून सगळे 'निजिकाई'ला, म्हणजे दुसऱ्या बैठकीला, कराओकेच्या खोलीत शिरले की तासाभरात तुझ्याबद्दल मत होऊन जाईल. तेही आवाजावरून नाही. तू गाणं कुठलं निवडलंस, त्यावरून.

माझी पहिल्या वर्षीची फजिती तुला कधी सांगितली नव्हती. आज सांगते, कारण तूही नेमकं तेच करणार आहेस. मी तुला ओळखून आहे.

पुण्याहून येताना मी एकच गाणं घोटून आणलं होतं, इशिकावा सायुरीचं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी'. 1977 चं. उएनोहून रात्रीच्या गाडीनं निघून आओमोरीला उतरलेली, प्रेमाचं माणूस मागे सोडून बोटीनं उत्तरेला जाणारी एकटी बाई, बर्फ, समुद्र. हा 'एन्का' प्रकार आपल्याला पटकन जवळचा वाटतो, कारण त्यात मुरक्या आहेत. 'कोबुशी' म्हणतात त्यांना. म्हटलं, परदेशातली मुलगी एन्का म्हणते आहे म्हटल्यावर लोक डोक्यावर घेतील.

खोलीत आम्ही नऊ जण. गाणी निवडायचा टॅब्लेट फिरत फिरत माझ्याकडे आला, मी गाणं टाकलं, पुढे सरकवला. पुढचं गाणं कुठलं ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतं. माझं गाणं सुरू झालं आणि कोपऱ्यात पुन्हा तेच नाव! वाटलं, माझ्याकडूनच दोनदा दाबलं गेलं असणार. दुसऱ्या कडव्याला मान वळवली तर आमचे बुचो, म्हणजे खात्याचे साहेब, टॅब्लेट मांडीवर घेऊन एका बोटानं ते नाव काढून टाकत होते. ताटावरची माशी हाकलावी इतकं हळू. गाणं संपल्यावर टाळ्या सगळ्यात जोरात त्यांनीच वाजवल्या. नंतर रात्रभर ते काही गायले नाहीत, नुसता खंजिरीसारखा टॅम्बुरीन वाजवत बसले. स्टेशनकडे चालताना बरोबरच्या मुलीनं हळूच सांगितलं, "ते त्यांचं ओहाको आहे."

ओहाको म्हणजे माणसाचं हुकमी गाणं, ठेवणीतलं. लिहिताना चक्क 'अठरा नंबर' असं लिहितात. काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या इचिकावा दान्जुरो घराण्यानं आपले म्हणून जे अठरा खेळ ठरवले, त्यावरून हे आलं असं सांगतात. थोडक्यात, बुवा समोर बसलेले असताना त्यांची भैरवी मी उरकून टाकली होती. तेव्हा पहिली गोष्ट, आधी दोन-तीन जणांचं होऊ दे. टॅम्बुरीन वाजव, कोण काय म्हणतं ते बघ. आणि नेम धरून एन्का म्हणायचाच असला तर शेजारच्याला विचार, "हे कुणाचं ओहाको आहे का?" नुसतं विचारलंस तरी अर्धी खोली तुझी.

आता सुरांचं. तू क्लासला सहा वर्षं काढलीस, ती इथे कामी येतील. जपानी लोकप्रिय गाण्यांत स्वरांची एक जुनी मांडणी आहे, 'योनानुकी' नावाची. शब्दशः 'चार-सात वगळून', म्हणजे आपल्या भाषेत म आणि नी वर्ज्य. सा रे ग प ध. ओळखीचं वाटतंय ना? भूपच की गं! आणि जुन्या एन्कात बऱ्याचदा त्यातलेच ग आणि ध कोमल केलेले असतात, म्हणून ती गाणी ऐकताना घशात काहीतरी अडकतं.

उच्चारांनाही घाबरू नकोस. ज्या 'त्सु'वर बाकीचे परदेशी अडखळतात तो आपला चुलीतला 'च' आहे. इवान्गेरिओन या कार्टून मालिकेच्या 1995 च्या गाण्याचं नाव 'झान्कोकु'नं सुरू होतं, त्याचा पहिला उच्चार थेट 'जावई'तला 'ज'. गाणं देवनागरीत वहीवर उतरवून घे, रोमन अक्षरांच्या वाटेला जाऊ नकोस. फक्त दीर्घ स्वर पूर्ण दोन मात्रांचा म्हण, तिथे आपण फार घाई करतो. स्क्रीनवर कान्जींच्या, म्हणजे चिनी वळणाच्या चित्राक्षरांच्या, डोक्यावर उच्चार सांगणारी बारीक हिरागाना अक्षरं असतात आणि शब्दांचा रंग तालाबरोबर सरकतो, त्यामुळे हिरागाना पक्के असले की निभतं.

योआसोबी या जोडीची गाणी मात्र बाथरूममध्येच ठेव. तुला 'आयदोरु' आवडतं हे मला माहीत आहे. 2023 साली इथे ते दुकानात, स्टेशनवर, सगळीकडे वाजत होतं. पण त्याचा वेग बघ, आणि श्वास घ्यायला जागा कुठे आहे ते दाखव मला. 'लेमन' सुंदर आहे, योनेझु केन्शीचं, 2018 चं. पण गेलेल्या माणसाच्या आठवणीचं गाणं आहे ते. स्वागताच्या पार्टीत नको. 'नादा सोसो' हे हळवं गाणं येत असेल तर उशिरा, खोली जरा शांत झाल्यावर. आणि सगळेच पेंगायला लागले तर ब्लू हार्ट्स या बँडचं 'लिंडा लिंडा' लाव, 1987 चं. त्यात गायचं कमी आणि उड्या मारायच्या जास्त. माझ्या वयाची माणसंही बूट काढून सोफ्यावर चढलेली मी पाहिली आहेत.

पण तुझं पहिलं गाणं मी ठरवून टाकलं आहे. 'उए ओ मुइते आरुको', साकामोतो क्यूचं, 1961 चं. अर्थ साधा, वर बघत चालू या, म्हणजे डोळ्यांतलं पाणी खाली पडणार नाही. शब्द एइ रोकुसुकेचे. 1960 च्या अमेरिकेबरोबरच्या कराराविरुद्धच्या आंदोलनातून हताश होऊन परततानाच्या मनःस्थितीतून ते आले असं म्हणतात. 1963 मध्ये हेच गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, आणि तिथे त्याचं नाव काय ठेवलं तर 'सुकियाकी'! गाण्यात मांसाच्या रश्शाचा कुठे संबंध नाही. आपलं एखादं भावगीत कुणी 'पिठलं' म्हणून विकावं, तशातली गत. क्यू-चान, म्हणजे साकामोतोच, 1985 च्या विमान अपघातात गेले, त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यामुळे साठीच्या माणसांच्या डोळ्यांत ते गाणं वेगळं दिसतं, आणि पंचविशीची पोरंही ते शाळेपासून ओळखतात. मोठ्यांपासून इंटर्नपर्यंत सगळे तुझ्याबरोबर म्हणतील. अवघड जागी ते तुला उचलून नेतील, तुला कळणारही नाही.

चाल संथ आहे. मूळ पट्टी पुरुषाची, पण तुझ्या 'काळी चार' पट्टीसाठी कुणाला खुणवावं लागत नाही. टॅब्लेटवर वर-खाली करायचं बटण असतं. घरी बसून हिशोब करू नकोस, इथे एका दुपारी एकटीच जाऊन तासभर करून बघ. एकट्यानं कराओकेला जाण्यात इथे कुणाला काही वाटत नाही, त्याला 'हितोकारा' असं नावसुद्धा आहे. वेळ संपायच्या दहा मिनिटं आधी भिंतीवरचा फोन वाजतो. माइक हातात धरूनच दचकशील, मी दचकले होते.

हो, आणि कराओकेची ही बंद खोली मुळात ओकायामाची. 1985 च्या सुमारास मालाच्या कंटेनरमध्ये सुरू झाली म्हणतात. सिंहगड रस्त्यावरची आपली पु. ल. देशपांडे बाग ज्या गावाच्या बागेवरून केली, तेच ओकायामा. आणि 1971 मध्ये कराओकेचं यंत्र इनोउए दाइसुकेंनी बनवलं ते कोबेत, तुझ्यापासून अर्ध्या तासावर. पेटंट घेतलं नाही बिचाऱ्यांनी.

एक राहिलं. त्या गाण्यात एक अख्खं कडवं शब्दांशिवाय आहे, नुसत्या शिट्टीवर, आणि शेवटही शिट्टीवरच. तिथे बाकीचे गप्प होतात, कारण बहुतेकांना धड वाजवता येत नाही. आणि तुझी आजी गॅलरीतून ओरडायची ना, "पोरीच्या जातीनं शिट्ट्या मारू नयेत"? सायकलवरून अख्खा शनिवार पेठेचा उतार तू कशी वाजवत यायचीस ते आठव, आणि तशीच वाजव.

तिकीट झालं की तारीख कळव. मेतकूट आण.

तुझीच,
सुमी