उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहायचं?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र वाचलं, कोल्हापूर कसा सधन जिल्हा आहे, ऊस आहे, दूध आहे, लोखंड ओतायची फौंड्री आहे, त्यामुळं इथं काम करणारा माणूस उपाशी झोपत नाही म्हणून. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण माझं कोल्हापूर शहराला लागून असलेल्या उचगावात झेरॉक्सचं आणि फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे, नऊ वर्षं झाली, रोज दहा-बारा घरांची कमाई माझ्या डोळ्यासमोरून जाते, आणि मी जे बघते ते त्या पत्रात कुठंच नव्हतं म्हणून लिहायला बसले.

रेशनचा असो, शाळेचा असो, दाखल्याचा असो, प्रत्येक फॉर्मात एक रकाना असतोच, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न. तिथं आलं की समोरचा माणूस गप्प होतो. मग हळूच म्हणतो, "वहिनी, जेवढ्यात बसतंय तेवढं घाला." म्हणजे खरं किती ते नाही, बसतंय किती ते. आणि मी घालते. कुणाचे ४० हजार, कुणाचे ४२ हजार. हे बरोबर नाही हे मला कळतं, पण का घालावं लागतं ते नीट सांगते.

आपल्याकडं रेशनकार्डाचे तीन रंग १९९९ पासून आहेत. वर्षाला १५ हजारापर्यंत पिवळं, त्याच्यावर १ लाखापर्यंत केशरी, आणि १ लाखाच्या वर गेलं की पांढरं. नंतर अन्नसुरक्षा कायदा आला, राज्यात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला, त्यात केशरीमधल्या कुणाला धान्य द्यायचं याची मर्यादा ठरली, शहरात ५९ हजार आणि ग्रामीण भागात ४४ हजार. वर्षाला. अख्ख्या घराचे. ४४ हजाराला बारानं भागा, महिन्याला ३,६६६ रुपये येतात. आता मला सांगा, उचगाव, पाचगाव, कळंबा, मोरेवाडी, सरनोबतवाडी, मुडशिंगी या पट्ट्यात महिन्याला ३,६६६ रुपयात कुठलं घर चालतं? दोन खोल्यांचं भाडंच तेवढं आहे. रोज ४०० रुपये हजेरीवर जाणारा माणूस महिन्यात २५ दिवस कामावर गेला तर वर्षाचे १ लाख २० हजार होतात, म्हणजे कागदावर त्याचं कार्ड पांढरं, डॉक्टर आणि बिल्डर ज्या रांगेत त्याच रांगेत हा. खरं लिहिलं तर धान्य जातं आणि खोटं लिहिलं तर उद्या कुणी चौकशी केली म्हणून पोटात गोळा. मध्ये अपात्र कार्डांची शोधमोहीम निघाली होती तेव्हा माझ्या दुकानात बायका अक्षरशः रडत आल्या होत्या, साहेब.

आणि हेच सरकार दुसऱ्या खिडकीवर आर्थिक दुर्बल कुणाला म्हणतं तर ज्याचं उत्पन्न ८ लाखाच्या आत आहे त्याला. लाडक्या बहिणीला अडीच लाख. शाळेच्या २५ टक्के प्रवेशाला १ लाख. धान्याला ४४ हजार. एकच बाई एका आठवड्यात माझ्याकडून चार फॉर्म भरून नेते आणि चार ठिकाणी तिची गरिबी वेगवेगळी मोजतात. आरोग्य योजना तेवढी आता सगळ्या रंगांच्या कार्डांना लागू केली, ते मात्र फार चांगलं झालं, त्याच्यामुळं आमच्या गल्लीतल्या दोन माणसांची ऑपरेशनं झाली, कर्ज काढावं लागलं नाही.

एका घराचा हिशेब सांगते, नाव सांगत नाही. नवरा फौंड्रीत फेटलिंगला आहे, ठेकेदाराकडं. फेटलिंग म्हणजे ओतून आलेल्या लोखंडी भागाची जादा धार ग्राइंडरनं घासून काढायची, दिवसभर ठिणग्या आणि काळी धूळ, घरी आला की रुमालात काळंच शिंकतो माणूस. महिन्याचे हातात साडेअकरा हजार येतात. ती घरी परकर शिवते, गांधीनगरच्या व्यापाऱ्याकडून कापड येतं, नगावर पैसे, मशीन तिचं, दोरा तिचा, लाईट बिल तिचं, महिन्याला अडीच हजार पडतात, सणाच्या आधी थोडे जास्त. असे १४ हजार झाले. घरात पाच माणसं, सासूबाई धरून. आता खर्च बघा. भाडं साडेतीन हजार, लाईट ७००, गॅस ९००, नवऱ्याच्या गाडीचं पेट्रोल दीड हजार, आणि मायक्रोफायनान्सच्या गटाचा हप्ता आठवड्याला ८५० म्हणजे महिन्याचे ३,४००. इथंच १० हजार झाले. उरलेल्या ४ हजारात पाच माणसांचं खाणं, दोन पोरांची शाळा, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या. गटाचं कर्ज कशासाठी काढलं होतं विचारलं तर म्हणाली, "आधीच्या गटाचं फेडायला."

या बाईला मी कागदावर दाखवलं, सरकारनं २०११-१२ साली जी दारिद्र्यरेषा काढली होती, तेंडुलकर समितीची, त्यात महाराष्ट्रात खेड्यात माणशी महिन्याला ९६७ रुपये आणि शहरात १,१२६ रुपये खर्च करणारा माणूस रेषेच्या वर धरला होता. तिच्या घरात माणशी २,८०० येतात. ती बराच वेळ त्या आकड्याकडं बघत बसली आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे आम्ही गरीब नाही?" मला उत्तर देता आलं नाही.

बरं हे १४ हजार तरी बारा महिने येतात का, तर नाही. आमच्याकडं 'ब्रेक' हा शब्द लहान पोरालासुद्धा माहीत आहे. सहा-सात महिने झाले की ठेकेदार ब्रेक देतो, कारण २४० दिवस भरले की माणूस कायम करा म्हणेल अशी भीती. मग महिना-दीड महिना घरी, नंतर त्याच कंपनीत, त्याच मशीनवर, फक्त दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. तेवढे दिवस उधारी. ते धरलं तर वर्षाचं उत्पन्न १ लाख ६८ हजार नाही, दीड लाखाच्या आसपास येतं, आणि ज्या महिन्यात काम नसतं त्या महिन्यात गटाचा हप्ता थांबत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे मिस्टर एका कारखान्यात १४ वर्षं लेथ मशीनवर टर्नर होते. लॉकडाऊननंतर ऑर्डर नाहीत म्हणून एका शनिवारी सांगितलं सोमवारपासून येऊ नका. ग्रॅच्युइटीचं विचारायला गेले तर कळलं की कागदावर या १४ वर्षांत तीन ठेकेदार बदललेत आणि ग्रॅच्युइटीला लागणारी सलग पाच वर्षं कुणाकडंच भरलेली नाहीत. लेथ तीच होती, मालक तोच, गेटवरचा वॉचमनसुद्धा तोच. पीएफचे तीन वेगवेगळे नंबर निघाले, ते जोडून घ्यायलाच मला आठ महिने लागले, आणि मी तर फॉर्म भरणारी बाई, ज्याला हे जमत नाही त्यानं काय करायचं. हे दुकान त्याच्या आधीपासून होतं म्हणून आम्ही तरलो.

मालकांची बाजू मला माहीत नाही असं नाही. विजेचा दर आहे, गाड्यांची मागणी पडली की कास्टिंगची ऑर्डर पडते, लहान फौंड्रीवाला स्वतःच कर्जात असतो. पण तोटा झाला की पहिला दिवस मजुराचा का कापायचा हा माझा प्रश्न आहे. २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद, २०२१ ला परत तेच. आमच्या इकडची माणसं शिरोलीच्या कारखान्यांत कामाला जाऊच शकली नाहीत. घरात पाणी शिरलं त्यांना सानुग्रह मिळालं, ते मिळायलाच पाहिजे. पण ज्यांच्या घरात पाणी आलं नाही, फक्त कामावर जाता आलं नाही, त्यांची हजेरी गेली ती गेलीच, त्यांचा पंचनामा कोण करणार?

आता मुख्य मुद्द्यावर येते. आमचा पट्टा नक्की गाव आहे का शहर? २०११ च्या जनगणनेत उचगाव आणि गांधीनगर ही 'जनगणना शहरं' धरली आहेत. त्याचे निकष असे आहेत की लोकसंख्या ५ हजाराच्या वर पाहिजे, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं पाहिजेत, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर पाहिजेत. म्हणजे सरकारच्याच मोजणीनं इथं शेतीवर जगणारं कुणी फारसं राहिलेलं नाही. पण कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून दुकानात फॉर्म भरताना ग्रामीणचीच मर्यादा लावायची. रस्त्याच्या पलीकडं महापालिकेची हद्द, तिथं ५९ हजार, अलीकडं आमच्याकडं ४४ हजार. भाजी त्याच मार्केटची, भाडं जवळपास तेवढंच, वडापच्या जीपला पैसे आम्हालाच जास्त लागतात कारण महापालिकेची केएमटी बस वेळेवर मिळेल याचा भरोसा नाही. गावात राहतो म्हणून स्वस्ताई असायला शेत पाहिजे, परसात भाजी पाहिजे, गोठ्यात म्हैस पाहिजे. एक गुंठ्याच्या गुंठेवारी प्लॉटवर म्हैस कुठं बांधणार?

आजूबाजूची गावं महापालिकेत घ्यायची का नाही, त्या हद्दवाढीवर मी बोलत नाही. महापालिका १९७२ ला झाली तेव्हापासून तो वाद चालू आहे, मग २०१७ ला शहराभोवतालच्या ४२ गावांचं विकास प्राधिकरण आलं, आमच्या गावातही घरफाळा वाढेल म्हणून विरोध आहे आणि त्यात तथ्य आहे. हद्द वाढो नाहीतर न वाढो, ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चूल कशी पेटते हा प्रश्न हद्दीच्या दोन्ही बाजूला सारखाच आहे आणि तो कुणीच विचारत नाही. दोन्हीकडचे पुढारी जागेवर बोलतात, माणसाच्या कमाईवर नाही.

आणि रेशनमध्ये नवीन नाव घालायला गेलं की उत्तर ठरलेलं, इष्टांक, म्हणजे ठरवून दिलेला कोटा, संपलाय. राज्याला सात कोटींच्या आसपास माणसांचा कोटा आहे, तो २०११ च्या लोकसंख्येवर बसवलेला. त्यानंतर आमच्या पट्ट्यात केवढी वस्ती वाढली ते डोळ्यानं दिसतंय, भुदरगड, राधानगरी, चंदगडकडून आलेली माणसं, बिहार-यूपीची पोरं तर फौंड्रीत निम्मी. एखादं नाव कमी झालं की दुसरं चढतं, तोपर्यंत फॉर्म फाईलला. ज्यांचं नाव आहे त्यांचं अजून एक दुखणं, ग्राइंडरवर आणि सिमेंटमध्ये काम करून बोटाच्या रेषा पुसल्यात, मशीन अंगठा घेत नाही, चार-चार वेळा हात धुऊन, पदराला पुसून लावतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. ४४ आणि ५९ हजाराच्या मर्यादा दहा वर्षांपेक्षा जुन्या आहेत, त्या वाढवा आणि जी गावं जनगणनेत शहर धरली आहेत त्यांना निदान शहराची मर्यादा लावा. उत्पन्न विचारताना महिन्याचे गुणिले बारा करू नका, वर्षात प्रत्यक्ष किती दिवस काम मिळालं ते विचारा. आणि आमच्या आमदार-खासदारांनी हा विषय एकदा तरी सभागृहात मांडावा, मी कागद काढून देते, फुकट.

दुसरं म्हणजे जनगणना आता २०२७ ची होणार आहे. त्यात उत्पन्न विचारत नाहीत, पण काम विचारतात, आणि वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं की माणूस 'मुख्य कामगार' धरतात. म्हणजे ब्रेकवर बसलेला आमचा फेटलिंगवाला तिथं मुख्य कामगार म्हणूनच दिसणार, त्याचा कोरडा महिना-दीड महिना दिसणार नाही. पण त्याच्या बायकोचं काय? मागं एकदा कसल्यातरी सर्व्हेला एक मॅडम आल्या होत्या, त्यांनी त्या परकरवाल्या बाईला विचारलं काय करता, तर ती मशीनवर बसल्या बसल्या, पायडलवर पाय तसाच ठेवून म्हणाली, "काही नाही, घरीच असते." मॅडमनी तसंच लिहिलं. बाजूला शिवलेल्या परकरांची चळत होती, चाळीस तरी असतील.

म्हणून मी दुकानाच्या दारात पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून लावणार आहे, मोजायला माणसं आली की सांगा, शिवणकाम करते, हुपरीच्या चांदीचं काम आणून करते, चार घरची धुणीभांडी करते, डबे करते, जे करत असाल ते सांगा, घरीच असते असं म्हणू नका. तुमच्या पेपरात पण हे चौकटीत छापलं तर बरं होईल, आमच्याकडं पेपर शेजारून मागून आणतात पण वाचतात सगळे.

नाव छापू नये ही विनंती, दाखले त्याच तहसीलमधून काढायचे असतात.

आपली,
एक वाचक, उचगाव, ता. करवीर