कोकणातल्या घराच्या नावाविषयी

होनोलुलू,
१४ जानेवारी

प्रिय सुहास यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. गुहागरजवळच्या तुझ्या आगरात अखेर घर उभे राहिले आणि त्यातल्या दोन खोल्या तू पाहुण्यांसाठी राखल्यास, हे वाचून फार आनंद झाला. घराला ‘अलोहा’ (नमस्कार) किंवा ‘ओहाना’ (कुटुंब) असे नाव द्यावे आणि ओसरीच्या भिंतीवर रंगवायला मी चार-सहा हवाईयन शब्द पाठवावेत, असे तू लिहिले आहेस. शब्द मी अवश्य पाठवतो. पण नावाबद्दल माझे मत निराळे आहे आणि ते सविस्तर सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आधी उच्चार. या भाषेला तेराच अक्षरे आहेत, पाच स्वर आणि आठ व्यंजने. त्यांतले आठवे व्यंजन म्हणजे ‘ओकिना’, घशात क्षणभर अडवलेला श्वास. तो मी इथे ’ अशा खुणेने दाखवतो. पाहुणे तो बेधडक गाळतात आणि स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घपणाही पाहत नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत गल्लत करू नये हे आपण शाळेतच शिकलो, म्हणून तुला हे चटकन कळेल: ‘पउ’ म्हणजे संपले, ‘प’उ’ म्हणजे काजळी, ‘प’ऊ’ म्हणजे ओलसर आणि ‘पा’ऊ’ म्हणजे बायकांचा घागरा. द्वीपसमूहाचे नावही ‘हवाई’ नसून ‘हवाइ’इ’ आहे, शेवटचे दोन इकार वेगवेगळे म्हणायचे. त्यातल्या मधल्या व्यंजनाला इंग्रजीची v आणि w ही दोन्ही अक्षरे अपुरी पडतात, आपला ‘व’ मात्र त्याच्या अगदी जवळ जातो. मराठी माणसाला ही भाषा नीट उच्चारणे अवघड नाही, म्हणूनच ती मोडून-तोडून बोलण्याची सबब आपल्याला उरत नाही.

रोजच्या वापरातले शब्द थोडे आहेत. ‘महालो’ म्हणजे आभार, मनापासूनचे असतील तर ‘महालो नुइ लोआ’. काम आटोपले की ‘पउ’. रस्ता विचारलास तर उत्तर-दक्षिण कोणी सांगणार नाही. ‘मउका’ म्हणजे डोंगराकडे आणि ‘मकाइ’ म्हणजे समुद्राकडे, एवढ्यावर सगळा पत्ता सांगून होतो, आणि तुमच्या गावात ‘वरच्या अंगाला, खालच्या अंगाला’ म्हणतात त्याची मला दर वेळी आठवण होते. निरोप घेताना ‘अ हुइ होउ’, म्हणजे पुन्हा भेटू. ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या आपल्या माणसांना तो मनापासून आवडावा. हे शब्द खुशाल वापर. त्यांना कोणाचाच आक्षेप नाही, उलट नीट उच्चारलेस तर समोरच्याचा चेहरा उजळतो.

‘अलोहा’ची गोष्ट वेगळी. तो नमस्कार आहे, पण त्याच्या पोटात प्रेम, करुणा आणि आपुलकी आहे. न्यूझीलंडच्या माओरी लोकांचा ‘आरोहा’ हा त्याचाच सख्खा भाऊ. २०१८ साली शिकागोच्या एका खाद्यपदार्थ कंपनीने ‘अलोहा पोके’ (पोके म्हणजे कच्च्या माशांचा पदार्थ) या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगितला आणि दुकानाच्या नावात ते शब्द वापरणाऱ्यांना नोटिसा धाडल्या. त्या नोटिसा खुद्द मूळ हवाईयन माणसांच्या दुकानांपर्यंत पोचल्या. आपल्याच आजीने शिकवलेला शब्द वापरायला परक्याची परवानगी लागावी, याचे इथे जे दुःख झाले ते मी शेजारीपाजारी पाहिले आहे.

त्यामागे इतिहास आहे. १८३४ सालीच या भाषेत वर्तमानपत्र निघाले होते आणि पुढे शंभराहून अधिक निघाली. १८९३ मध्ये इथली राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करण्यात आले, १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले, मुलांना स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागल्या आणि आईबापांनी घरातही ती बोलणे सोडले. १९७८ मध्ये तिला राज्यभाषेचा दर्जा मिळाला आणि १९८४ मध्ये काउआइ बेटावर पहिली हवाईयन माध्यमाची बालवाडी उघडली. म्हणजे आज जे तरुण ती भाषा बोलतात, त्यांच्यापैकी अनेकांना ती आईकडून मिळालेली नाही. त्यांनी ती कष्टाने परत आणली आहे.

‘ओहाना’विषयी मात्र मला थांबून लिहायचे आहे. मागच्या वर्षी मी शनिवारी एका ‘लो’इ’त, म्हणजे पाणथळ खाचरात, कामाला जात असे. तिथे लावतात ते ‘कालो’, म्हणजे आपला अळूच. तिथल्या एका आजींनी गुडघाभर चिखलात उभे राहून एक गड्डा उपटला, धुतला, देठाकडचा भाग कापून पुन्हा लावायला बाजूला ठेवला आणि गड्ड्याच्या कुशीला फुटलेली पिले बोटाने दाखवून म्हणाल्या, “ही ’ओहा. ’ओहाना इथून आले.” मूळ एका गड्ड्याचे, पिले त्याला धरून: कुटुंबाचा शब्द असा मातीतून आला. त्यांच्या कथेत आकाशपिता वाकेआ याचे मृत जन्मलेले मूल पुरले, त्यातून कालो उगवला, आणि नंतर जन्मलेला हालोआ हा माणसांचा पूर्वज झाला. कालो हा थोरला भाऊ. पर्यटक ज्या ‘लू’आउ’ मेजवानीची तिकिटे काढतात, त्या शब्दाचा अर्थही अळूचे पान असाच आहे, आणि ते कच्चे राहिले तर घसा खवखवतो, हे त्यांना आणि आपल्याला सारखेच ठाऊक.

आणखी एक शब्द लक्षात ठेव, ‘कुलेआना’. त्यात हक्क आणि जबाबदारी दोन्ही एकत्र आहेत, जुन्या मराठीतल्या ‘वतना’सारखे: हक्क हवा तर चाकरीही आली. १८५० च्या कायद्याने कुळांना मिळालेल्या जमिनींनाही ‘कुलेआना’च म्हणत. आणि ‘हवाईयन’ हे नाव इथे राहणाऱ्या प्रत्येकाला लावू नकोस. ते मूळ वंशाच्या लोकांचे आहे. मी ते एकदा जपानी वंशाच्या शेजारीणबाईंना लावले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “माझा जन्म इथला, पण ते नाव माझे नाही.”

म्हणून नावापुरते म्हणशील तर, सुहास, ‘ओहाना’ नको. तुझ्या पाहुण्यांना त्यातला गड्डाही दिसणार नाही आणि पिलेही. इथल्या लोकांकडून घ्यायचीच असेल तर नाव ठेवण्याची त्यांची रीत घे: मानोआ खोऱ्यातल्या पावसाला ‘तुआहिने’, हिलोच्या पावसाला ‘कानिलेहुआ’, असे गावोगावच्या पावसांना आणि वाऱ्यांना त्यांनी वेगवेगळी नावे दिली आहेत. तुझी आजी पहाटे जमिनीवरून दर्याकडे वाहणाऱ्या मतलईचे नाव घ्यायची ते मला आठवते. पाटाच्या कडेला अळू होता, त्या तुकड्यालाही तिचे काही खास नाव होते. ते मी विसरलो. काकांना विचारून तेवढे मला कळव.

तुझा,
विनायक