टेबल दोघांचं घेऊ नका

चिऊ,

तुमच्या क्रूझचं बुकिंग झाल्याचा जावईबापूंचा मेसेज बघितला, झकास काम झालं. आईनं आत्तापासूनच माळ्यावरच्या मोठ्या बॅगा खाली काढायला लावल्यात. पण त्या मेसेजच्या शेवटी एक ओळ होती, रात्रीच्या जेवणाला दोघांचंच टेबल मागितलंय, अनोळखी लोकांत अवघडायला होतं, तेवढं बदलून घ्या हे सांगायला लिहितोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो बाबा, बघते" म्हणतीस आणि तिथंच विषय संपतो.

मोठं टेबल मागा, सहा नाहीतर आठ जणांचं. रोज तेच टेबल, तीच वेळ, तीच माणसं. हल्ली बऱ्याच बोटींवर कधीही या आणि कुठंही बसा अशीपण सोय असते, ती घेऊ नका. बंदरं, चर्च, बाजार हे सगळं आता यूट्यूबवर दिसतं, पण लांबच्या ट्रिपला दोन बंदरांच्या मधे चार-चार पाच-पाच दिवस नुसतं पाणी असतं, आणि तेव्हा स्विमिंग पूल आणि जादूचे प्रयोग बघून किती बघणार.

आमची बोट दुबईहून बार्सिलोनाला चालली होती ते तुला माहीतच आहे. हिवाळाभर आखातात फिरलेल्या बोटी उन्हाळ्याच्या तोंडावर युरोपला जातात, रिकाम्या न्यायच्या तर तिकीट स्वस्त लावतात, म्हणून तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या रिटायर माणसाला परवडलं. असल्या ट्रिपला येतात ते सगळे आमच्यासारखेच, नोकरीधंद्यातनं सुटलेले, घाई नसलेले. पहिल्या रात्री टेबलावर सगळे एकमेकांना बघून नुसतं हसत होते, आईनं टेबलाखालून मला चिमटा काढला की उद्यापासून जेवण खोलीवरच मागवूया. आणि मग तिनं सूप तोंडाला लावलं आणि मराठीत पुटपुटली, "मीठ घालायला विसरलाय की काय हा", तर मागं उभा असलेला वेटर फसकन हसला. रत्नागिरीकडचा पोरगा. तोपर्यंत आमच्याशी फाडफाड इंग्रजी बोलत होता, त्यानं हळूच मिठाची बाटली आणून ठेवली आणि म्हणाला काकू, आचारी आमच्याकडचा नाही. मग काय, जेवण खोलीवर मागवायचा विषयच राहिला नाही.

ह्या पोराचं आधी सांगतो, कारण त्याला कुणी प्रवासी धरत नाही. आठ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मधे आठवड्याची सुट्टी नाही, बाळ झालेलं फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलेलं. जग फिरतोय म्हणावं तर बोट बंदराला लागली की ह्याची दुपारच्या जेवणाची ड्युटी. पॅसेंजरबरोबर बसायची त्यांना परवानगी नसते, म्हणून आई मुद्दाम सगळ्यांत शेवटी उठायची आणि प्लेटा उचलता उचलता दोन मिनिटं त्याच्याशी मराठीत बोलायची, आज काय खाल्लंस, बाळ पालथं पडायला लागलं का, असलंच. तुम्ही जाल तेव्हा टिप बिलात आपोआप लागलेली असते, ती असू दे, तरी शेवटच्या रात्री पाकीट हातात द्या.

आता टेबल. एक जोडपं लेस्टरचं गुजराती, दोघांचा जन्म कंपालाचा. १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा ईदी अमीननं आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडा म्हणून सांगितलं, तेव्हा काका कॉलेजात होते आणि काकू शाळेत. दुकान, घर, गाडी सगळं तिथंच टाकून आले. हे काका ही सगळी कथा हसत हसत सांगायचे आणि काकू मधेच त्यांची तारीख दुरुस्त करायच्या. आईनं जयसिंगपूरच्या भडंगाची सीलबंद पाकिटं नेली होती (घरचं केलेलं बोटीवर चालत नाही, सीलबंद चालतं, लक्षात ठेव) तर ती काकूंनी टेबलावरच फोडली आणि वेटरकडनं कांदा आणि लिंबू मागवून भेळ केली. पांढऱ्या टेबलक्लॉथवर, मेणबत्त्या लावलेल्या असताना.

मग इंग्लंडचे फाउंड्रीवाले आजोबा आणि त्यांची बायको. बर्मिंगहॅमच्या पलीकडं ब्लॅक कंट्री म्हणून भाग आहे, भट्ट्यांच्या धुरानं काळा पडला म्हणून ते नाव असं सांगतात, तिथं ह्यांची सगळी हयात पॅटर्नशॉपमध्ये, म्हणजे साच्यासाठी नमुने करतात तिथं, गेली. मी पण फाउंड्रीतलाच हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मोल्डिंगला वाळू कुठली वापरता. चिऊ, मला आजवर कुणी पाहुण्यानं हा प्रश्न विचारलेला नाही! पुढचे सगळे दिवस आम्ही कागदी नॅपकिनवर साच्यात धातू कुठनं ओतायचा, रायझर कुठं, गेट कुठं ह्याची चित्रं काढत होतो, त्यांना मराठी येत नाही, मला त्यांचं तसलं गावठी इंग्रजी निम्मं कळायचं नाही, पण कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, का पडतं ह्यावर आम्ही भांडलोसुद्धा. आई म्हणायची दोघं बोटीवर येऊनपण शिरोली एमआयडीसीतच आहेत.

तिसरी कॅनडाची न्यूफाउंडलंडची नर्सबाई, नवरा गेलेला, एकटी आलेली. एकट्या बायका अशा ट्रिपला खूप असतात आणि खरं तर त्याच सगळ्यांत जास्त मजा करतात. ही पहिले काही दिवस गप्प गप्प असायची. मग एडनच्या आखातातनं जायची वेळ आली, तिथं सोमाली चाच्यांच्या भीतीनं कॅप्टननं आधी ड्रिल घेतली, खिडकी-बाल्कनी सोडून आतल्या पॅसेजमध्ये बसायचं वगैरे, आणि रात्री डेकवरचे दिवे बारीक केले, खोल्यांचे पडदे ओढायला लावले. ज्यांना भीती वाटली ते खोलीत बसले. आई आणि नर्सबाई डेकवर खुर्च्या टाकून बसल्या, मी मागं उभा. वर चांदण्या नुसत्या ओतलेल्या. आणि काय झालं कुणास ठाऊक, दिवसा चार शब्द जुळवताना घाम फुटणारी तुझी आई अंधारात धडाधड इंग्रजी बोलायला लागली, चुका करत, पण न थांबता. समोरच्याचा चेहरा दिसत नसला की लाज जात असावी. तुझ्या जन्माची सगळी गोष्ट सांगून झाली, पंचगंगेला पाणी चढलेलं, रिक्षा मिळेना, सगळं. तुझं जन्माचं वजन किती होतं हे आता न्यूफाउंडलंडमध्ये माहीत आहे, तेव्हा तिकडं कधी गेलीस तर आश्चर्य वाटून घेऊ नको.

त्या रात्री त्या बाईनं तिच्या गावचं सांगितलं. तिचं गाव गँडर विमानतळाच्या जवळ. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेनं आपलं आकाश बंद केलं तेव्हा त्या आडगावी एका दिवसात ३८ विमानं उतरवली होती, साडेसहा हजारांवर माणसं, आणि गाव जेमतेम दहा हजारांचं. शाळा, चर्च, हॉल सगळं उघडलं आणि लोकांनी माणसं घरी नेली. हिच्याकडं पण काहीजण राहिले होते, त्यातल्या एकीकडं ही दरवर्षी जाते. मी विचारलं अनोळखी माणसांना घरात घेताना भीती नाही वाटली का, तर म्हणाली विचार करायला वेळच नव्हता, टॉवेल कमी पडत होते.

सुएझला आजोबांनी मला पहाटेच उठवलं. कालवा १९३ किलोमीटर, बोटी एकामागोमाग एक ओळीनं जातात, दिवस जातो सगळा. डावीकडं हिरवी शेतं, उजवीकडं सिनाईची नुसती वाळू. पनामासारखी पाण्याची दारं इथं कुठंच नाहीत, दोन्हीकडचं पाणी जवळजवळ सारख्याच उंचीचं. मधे ग्रेट बिटर लेक लागतं, तिथं आजोबांनी जे सांगितलं ते मला कुठल्याच गाइडनं सांगितलं नसतं. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात कालवा बंद झाला आणि १४ मालवाहू बोटी त्या तळ्यात अडकल्या त्या १९७५ पर्यंत, आठ वर्षं! ब्रिटिश, जर्मन, अमेरिकन, स्वीडिश, पोलिश, बल्गेरियन, जगात एकमेकांकडं डोळे वटारून बसलेल्या देशांच्या बोटी. वाळू उडून उडून पिवळ्या पडल्या म्हणून त्यांना यलो फ्लीट म्हणायचे. खलाशी बदलत राहिले पण त्यांनी तिथं आपसात संघटना काढली, १९६८ ला ऑलिंपिक चालू होतं तर स्वतःचं ऑलिंपिक भरवलं, हातानं पोस्टाची तिकिटं छापली आणि त्या तिकिटांवर पत्रं जायचीसुद्धा.

सगळेच काही चांगले भेटतात असं नाही. शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते, कोटावर कंपनीचा बिल्ला, आम्ही किती वेळा आलो, आमचं कार्ड कुठल्या रंगाचं, आम्हाला आधी उतरवतात. असा एक प्रत्येक बोटीवर असतो म्हणे. त्याला नमस्कार करायचा आणि लिफ्ट सोडून जिन्यानं जायचं.

फ्लोरेन्सचं मात्र सविस्तर सांगतो. बोट लिव्होर्नोला लागते, तिथनं रेल्वेनं दीड तास. सगळे म्युझियम बघायला निघालेले, मी टेबलावर सहज बोललो की आम्हाला दुसरीकडं जायचंय, आमच्या गावचे एक महाराज तिथं वारले. राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या मुलाचं नाव तेच, पण हे शाहू महाराजांच्याही आधीचे, ज्यांच्या नावाचं राजाराम कॉलेज ते. १८७० ला युरोप बघायला गेले आणि परत येताना फ्लोरेन्सला वारले, ३० नोव्हेंबरला, वय वर्षं वीस. ह्यावर टेबल शांत. आणि मग नर्सबाई म्हणाली मी येते, आजोबा म्हणाले मी पण, लेस्टरवाले काका म्हणाले एवढं लांब आलोय तर राजाला भेटलंच पाहिजे. कॅशिने म्हणून बाग आहे, लांबलचक, महाराजांच्या स्मारकाची छत्री तिच्या एकदम टोकाला, आर्नो नदीला दुसरी छोटी नदी मिळते तिथं. संगमावर दहन केलं होतं. आजोबांचा गुडघा दुखतोय, काकू सावली शोधतायत, बोट चुकायची भीती वेगळीच, कारण कंपनीच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते, आपलं आपण गेलेल्यासाठी थांबत नाही. पण पोचलो. रंगवलेला अर्धपुतळा, फेटा, वर छत्री, १८७४ चं काम, आणि शेजारच्या मोठ्या पुलाचं नावपण इंडियानो. आई रडली. मी आपलं नदीकडं बघत होतो. नर्सबाई मात्र धंद्याची, तिला एकच प्रश्न, त्या काळात इटलीत चितेची परवानगी कुणी दिली, लाकडं कुठनं आणली. आणि आजोबा छत्रीचे खांब बोटानं ठोकून बघत होते, कशाचे आहेत ते. मला दोघांचंही बरं वाटलं, उगाच हळहळ कुणी दाखवली नाही.

शेवटच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. त्यावर महिनाभर फोटो, मग सणाला शुभेच्छा, मग शांत. त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही, बहुतेक मैत्र्या बोटीच्या शिडीवरच संपतात आणि तेवढ्याच असाव्यात, सगळ्यांना कोण पुरणार. पण ऑगस्ट २०१९ ला आपल्याकडं पूर आला, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तेव्हा टीव्हीवर बघून लेस्टरवरनं फोन आला होता, आणि नर्सबाईचा तर रोज मेसेज, पाणी किती फुटांवर आहे. आता दर रविवारी तिचा आणि आईचा व्हिडिओ कॉल असतो, आईनं तिला कांदेपोहे शिकवलेत, तिकडं कढीपत्ता मिळत नाही एवढी एकच तक्रार. रत्नागिरीचा पोरगा आता गावाकडं होमस्टे काढतोय.

जावईबापूंना सांग, चार रात्री बसून बघा, नाहीच जमलं तर हेड वेटरला सांगून टेबल बदलून मिळतं, कुणाला राग येत नाही. जेवणाची लवकरची पाळी घ्या. पश्चिमेला जाताना मधनंमधनं रात्री घड्याळ तासभर मागं करतात, त्या रात्री गप्पा लांबतात, मजा येते. आणि भडंग नेताना जास्त नेऊन ठेव.

जानेवारीत फाउंड्रीवाले आजोबा-आजी कोल्हापूरला येतायत, त्यांना उद्यमनगर बघायचंय आणि आजींना खासबागेतली कुस्ती. हॉटेल नको म्हणलंय मी. तू त्या सुमाराला येणार असशील तर आधी कळव, कारण तुझी खोली मी त्यांना देऊन टाकलीय, तुम्हाला हॉलमध्ये गाद्या घालून देईन.

बाबा