सातव्या खांबाचा पत्ता दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

गेल्या डिसेंबरात आपण आमच्या नववीच्या वर्गाशी बेघर माणसांविषयी बोललात आणि पुढे पालकांसाठीही दोन संध्याकाळी वेळ काढलात, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे अनावृत पत्र लिहीत आहे. आपण सांगितलेले आमच्या शाळेबाहेरही पोहोचावे, ही त्यामागची तळमळ आहे.

दादरला रोज ये-जा करूनही पुलाखाली झोपणारे सगळे भीक मागून जगतात, अशीच माझी समजूत होती. आपल्यासोबत रात्री अकरानंतर तिथे गेले, तेव्हा पुठ्ठा अंथरणारी जी बाई भेटली, ती पहाटे चारला फुलबाजारात कामाला जाणारी होती. तिने प्लास्टिकच्या तीन पिशव्यांतून काढून दाखवलेले आधार कार्ड अजून डोळ्यांपुढे आहे. ओल लागून त्यावरचा चेहरा पुसट झाला होता आणि पत्ता होता जालना जिल्ह्यात कधीच सुटलेल्या गावाचा. रेशन का घेत नाही, असे मी विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "ठेवू कुठं, बाई? आन् शिजवू कुठं?"

अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आणि प्राधान्य गटातील माणसाला दरमहा ५ किलो धान्याचा हक्क मिळाला; पण ते धान्य पोटात जायला चूल लागते, डबा लागतो आणि आपण कामावर गेल्यावर डबा जागेवर राहील अशी जागा लागते, हे मला त्या रात्री कळले. ती विकतचे खाते, पाणी विकत घेते, शौचालयाचेही पैसे मोजते. घर नसलेल्याला जगणे महाग पडते.

मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तास उघडा निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले, ही माहिती देऊन आपण मुलांना फळ्यावर भागाकार करायला लावलात. २०११ च्या जनगणनेतील मुंबईची सव्वा कोटीच्या आसपासची लोकसंख्या घेऊन उत्तर आले सुमारे सव्वाशे. "मग आपल्या भागात किती आहेत?" हा एका मुलीचा प्रश्न पालकांपर्यंत गेला आणि त्यांच्यापैकी काही जणांनी ती माहिती लेखी मागितली. वाढदिवसाला खिचडी वाटून छायाचित्रे काढण्याविषयी आपण जे बोललात, ते काहींच्या मनाला लागले. ते लागायलाच हवे होते, असे माझे मत आहे.

त्या बाईंची मुलगी जूनपासून आमच्याकडे पाचवीत आहे. प्रवेशअर्जात पत्त्याच्या रकान्यात 'पुलाखाली, सातवा खांब' असे लिहिले तरी प्रवेश अडत नाही, हे आपण कार्यालयात बसून समजावलेत. त्याबद्दलचे आभार मात्र तिला स्वतःच मानायचे आहेत. तिचे पत्र सोबत जोडले आहे.

आपली कृतज्ञ,
दादरमधील एक शिक्षिका