मुलाखत आधी की निर्णय आधी?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगमधल्या, म्हणजे एनएफएलमधल्या, मुख्य प्रशिक्षकांच्या नेमणुकांचा विषय निघाला की चर्चा एकाच आकड्यापाशी येते. संघ ३२, त्यांत कृष्णवर्णीय प्रशिक्षक किती? १ फेब्रुवारी २०२२ रोजी हा आकडा एक होता: पिट्सबर्गचे माइक टॉमलिन. २०२४ चा हंगाम सुरू झाला तेव्हा तो सहा झाला आणि हंगाम संपताच त्यातले दोघे, न्यू इंग्लंडचे जेरॉड मेयो आणि लास व्हेगासचे अँटोनियो पियर्स, घरी गेले. खेळाडूंत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय असलेल्या लीगमध्ये हा आकडा बोलका आहेच. पण तो दरवर्षी वरखाली होतो आणि पाणी नेमकं कुठे मुरतंय ते सांगत नाही. त्यासाठी तारखा पाहाव्या लागतात: निर्णय कधी झाला आणि मुलाखत कधी झाली.

या नेमणुकांच्या मुलाखतींसाठीचा ‘रूनी नियम’ कशातून आला ते आधी पाहू. २००१ चा हंगाम संपताना मिनेसोटाने डेनिस ग्रीन यांना दूर केलं. दहा वर्षांत आठ वेळा प्लेऑफ (बाद फेरी) गाठलेल्या ग्रीन यांचा, विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला, तो पहिलाच हंगाम होता. त्याच सुमारास टँपा बेने टोनी डंगी यांना काढलं. त्यांची कामगिरी सहा वर्षांत ५४ विजय, ४२ पराभव आणि चार वेळा प्लेऑफ. २००२ मध्ये जॉनी कॉक्रन आणि सायरस मेहरी या वकिलांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यातलं आकडेशास्त्र पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ जॅनिस मॅडन यांचं होतं. आधीच्या पंधरा हंगामांत कृष्णवर्णीय प्रशिक्षकांनी हंगामामागे सरासरी १.१ सामने जास्त जिंकले होते. ज्या हंगामानंतर नोकरी गेली त्या हंगामातही त्यांचे विजय श्वेतवर्णीयांपेक्षा १.३ ने जास्त होते. नमुना लहान होता, मोजक्याच प्रशिक्षकांचा. हा आक्षेप रास्त आहे. पण नमुना लहान होता याचं कारण हाच तर अहवालाचा विषय होता.

२००३ मध्ये नियम आला आणि त्याला लीगच्या समितीचे प्रमुख, पिट्सबर्गचे मालक डॅन रूनी यांचं नाव मिळालं. मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली की किमान एका अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घ्यायची, एवढीच अट. पुढे तिला ठिगळं जोडत गेले. २००९ मध्ये जनरल मॅनेजरची पदं आली. २०२० मध्ये संघाबाहेरचे किमान दोन उमेदवार आणि को-ऑर्डिनेटरच्या (आक्रमण किंवा बचाव सांभाळणाऱ्या मुख्य सहाय्यकाच्या) जागेसाठी किमान एक, असं ठरलं. २०२१ मध्ये बाहेरच्या एका तरी उमेदवाराशी समोरासमोर मुलाखत सक्तीची झाली आणि २०२२ मध्ये महिलाही नियमाच्या कक्षेत आल्या. नियम मुलाखतीपाशीच थांबतो, कारण वर्ण पाहून नोकरी देणं १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला मान्य नाही. कोणाला बोलवायचं याची व्याप्ती वाढवता येते, कोणाला निवडायचं हे लादता येत नाही. नियमावर टीका करताना ही मर्यादा बहुतेक जण विसरतात.

नियम कसा वाकवला जातो ते पहिल्याच वर्षी दिसलं. डेट्रॉइटला स्टीव्ह मारिउची हवे होते आणि ते कोणापासून लपलेलं नव्हतं. बोलावलेल्या पाच कृष्णवर्णीय उमेदवारांनी, जागा भरल्यातच जमा आहे हे ओळखून, मुलाखतीला नकार दिला. लीगने संघाचे अध्यक्ष मॅट मिलन यांना २ लाख डॉलर दंड केला. यातून संघांनी धडा घेतला तो असा, की नाव ठरलेलं असेल तर बाहेर बोलू नये. लग्न ठरल्यावर स्थळं पाहण्याचा कार्यक्रम चालूच राहिला, फक्त गुपचूप.

तो गुपचूप कार्यक्रम २०२२ च्या जानेवारीत चुकून उघडा पडला. ब्रायन फ्लोरेस यांना मायामीने १० जानेवारीला काढलं होतं, लागोपाठ दोन हंगाम जिंकण्याचं पारडं जड ठेवूनही (विजय-पराभव १०-६ आणि ९-८). न्यूयॉर्क जायंट्सकडे त्यांची मुलाखत गुरुवारी, २७ तारखेला ठरलेली. सोमवारी, २४ तारखेला, त्यांचे जुने वरिष्ठ बिल बेलिचिक यांचे फोनवर अभिनंदनाचे संदेश आले: जायंट्सना तूच हवा आहेस, असं ऐकलं. फ्लोरेस यांना शंका आली. त्यांनी विचारलं, तुम्ही ब्रायन फ्लोरेसशी बोलताय की ब्रायन डॅबोलशी? दोघांनीही बेलिचिक यांच्या हाताखाली काम केलेलं. उत्तर आलं की आपली गफलत झाली, निवड डॅबोल यांची आहे. तीन दिवसांनी फ्लोरेस त्या मुलाखतीला जाऊन बसले. शुक्रवारी डॅबोल यांचं नाव जाहीर झालं. फ्लोरेस यांनी लीगवर आणि काही संघांवर वर्णभेदाचा खटला भरला. ते अखेरपर्यंत शर्यतीत होते, असं जायंट्सचं म्हणणं आहे आणि खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण नियमाच्या नोंदवहीत त्या मुलाखतीपुढे बरोबरची खूणच पडते. नोंदवहीत ‘मुलाखत झाली का’ हा रकाना आहे, ‘निर्णय कधी झाला’ हा नाही.

टेनेसीत २०१६ मध्ये काय घडलं, हे तर निवड झालेल्या माइक मुलार्की यांनीच नंतर एका पॉडकास्टवर सांगून टाकलं. बाकीच्या मुलाखती उरकण्याआधीच मालकांनी आपल्याला नोकरी मिळाल्याचं सांगितलं होतं, असं ते म्हणाले. त्या उरकलेल्या मुलाखतींपैकी एक रे हॉर्टन यांची होती. संघाने आरोप नाकारला. हॉर्टन फ्लोरेस यांच्या खटल्यात सामील झाले.

आता या आधीच्या पायरीकडे येतो, कारण बहुतेक उमेदवार मुलाखतीच्या दारापर्यंत पोचतच नाहीत. मुख्य प्रशिक्षक सध्या बहुधा आक्रमणाच्या बाजूने निवडले जातात: क्वार्टरबॅकचा, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचा, प्रशिक्षक, मग ऑफेन्सिव्ह (आक्रमणाचा) को-ऑर्डिनेटर, मग वरची खुर्ची. कृष्णवर्णीय प्रशिक्षक जास्त करून रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे), रिसीव्हर (पास झेलणारे) किंवा बचावाच्या फळीकडे असतात. याचं मूळ मैदानावरच्या जुन्या वाटणीत आहे. क्वार्टरबॅक, सेंटर या ‘डोक्याच्या’ जागांपासून कृष्णवर्णीय खेळाडूंना अनेक दशकं लांब ठेवलं गेलं. वॉरन मून यांना १९७८ मध्ये एनएफएलच्या एकाही संघाने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) निवडलं नाही. क्वार्टरबॅकची जागा सोडायला ते तयार नव्हते. त्यांनी एडमंटनला जाऊन पाच वेळा कॅनडाचा ग्रे कप जिंकला आणि १९८४ मध्ये ह्यूस्टनसाठी परतले. जो खेळाडू त्या जागेवर खेळलाच नाही, त्याला त्या जागेचा प्रशिक्षक कोण करणार? २०२२ मध्ये लीगने प्रत्येक संघाला आक्रमणाच्या बाजूला एक अल्पसंख्याक किंवा महिला सहाय्यक ठेवायला लावलं ते याचसाठी. सगळ्या दुरुस्त्यांत मला ही सर्वांत कामाची वाटते. फळ यायला मात्र दहा वर्षं लागतील.

पायऱ्या चढून गेलेल्याचं काय होतं? एरिक बिएनेमी २०१८ ते २०२२ कॅन्सस सिटीचे ऑफेन्सिव्ह को-ऑर्डिनेटर होते आणि त्या काळात संघाने दोन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकले. मुलाखती भरपूर झाल्या, नोकरी एकीतूनही नाही. कारण सांगितलं गेलं की चाली मुख्य प्रशिक्षक अँडी रीड ठरवतात, बिएनेमी नव्हे. पण त्याच खुर्चीतून, त्याच रीड यांच्या हाताखालून, डग पेडरसन २०१६ मध्ये आणि मॅट नॅगी २०१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. २०१९ मध्ये सिनसिनाटीने झॅक टेलर यांना घेतलं. ते लॉस एंजेलिसला क्वार्टरबॅक प्रशिक्षक होते आणि तिथे चाली शॉन मॅकव्हे ठरवत. टेलर पुढे संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेले, म्हणजे निवड वाईट नव्हतीच. मुद्दा इतकाच की ‘चाली कोण ठरवतो’ ही कसोटी एकाला लागली आणि दुसऱ्याला लागली नाही. कसोटी आधी कागदावर नसली की ती उमेदवार पाहून बदलते, आणि बदलणाऱ्याला ते स्वतःला जाणवतही नाही.

नोकरी मिळाल्यावरही घड्याळ सारखं चालत नाही. स्टीव्ह विल्क्स यांना ॲरिझोनाने २०१८ मध्ये एका हंगामात (३-१३) काढलं. त्यांच्या जागी आलेले क्लिफ किंग्सबरी पहिल्या वर्षी ५-१०-१ वर (शेवटचा आकडा बरोबरीचा) थांबले आणि चार हंगाम टिकले. एका हंगामात नोकरी जाणं हे श्वेतवर्णीयांच्याही वाट्याला येतं. डेन्व्हरचे नॅथॅनिएल हॅकेट तर पहिला हंगामही पुरा करू शकले नाहीत, त्यामुळे एका उदाहरणावरून निकाल देऊ नये. पण विल्क्स यांची पुढची गोष्ट पाहा. २०२२ मध्ये कॅरोलायना पाच सामन्यांत १-४ असताना ते तात्पुरते मुख्य प्रशिक्षक झाले. संघाचा सर्वांत मोठा खेळाडू, ख्रिश्चन मॅकाफ्री, मध्येच दुसऱ्या संघाला देण्यात आला. तरी उरलेल्या बारा सामन्यांत त्यांनी ६-६ केलं. कायमची जागा मिळाली फ्रँक राइक यांना आणि त्यांना पुढच्या हंगामात १-१० वर काढावं लागलं. डेट्रॉइटने २०१७ नंतर जिम काल्डवेल यांना ९-७ च्या हंगामानंतर काढलं, ‘पुढची पातळी’ गाठायची म्हणून. त्यांच्या जागी आलेल्या मॅट पॅट्रिशिया यांनी तीन वर्षांत १३ सामने जिंकले. मुलाखत कितीही निष्पक्ष झाली तरी ‘किती वेळ द्यायचा’ आणि ‘दुसरी संधी कोणाला’ यांना कुठलाच नियम नाही.

बक्षिसाची योजनाही जरा विचित्र आहे. अल्पसंख्याक सहाय्यक दुसऱ्या संघात मुख्य प्रशिक्षक किंवा जनरल मॅनेजर झाला, आणि तो जुन्या संघात किमान दोन वर्षं असला, तर जुन्या संघाला लागोपाठ दोन ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीअखेरची एकेक जादा निवड मिळते. म्हणजे घडवणाऱ्याला मोबदला. हे ठीकच, माणूस अडवून ठेवण्याचा मोह कमी होतो. पण सही करणारा मालक त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेला असतो. त्याच्या हिशेबात यातलं काहीच येत नाही.

मग करता येण्यासारखं काय आहे? अवघड काही नाही, फक्त क्रम पाळायला हवा. जागा रिकामी होण्याआधीच पदाचे निकष एका पानावर लिहावेत आणि प्रत्येकाला भार द्यावा: सहकारी निवडणं, सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांचं नियोजन, खेळाडू घडवणं, चालींची आखणी. आखणीला भार किती, हे नावं यायच्या आधी ठरलं की बिएनेमी-टेलर घोळ होत नाही. पहिल्या फेरीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने गुण वेगळे लिहून बंद करावेत, मगच एकत्र बोलावं. नाहीतर मालक पहिला बोलतो आणि बाकीच्यांचे गुण त्याच्या मताकडे सरकतात. ‘खोलीवर छाप पडते’, ‘नेता वाटतो’ असले शेरे गुणपत्रिकेत चालू नयेत, खाली एक तरी दाखला हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची मुलाखत संपेपर्यंत कोणाच्याही एजंटशी पगाराचं बोलणं नाही. दुसऱ्या संघांत नोकरीला असलेल्यांच्या समोरासमोरच्या मुलाखती प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीनंतरच, हा २०२३ चा बदल योग्य दिशेचा आहे, कारण घाई हीच ओळखीच्या नावांची सर्वांत मोठी मैत्रीण. मात्र मसुदा करार कधी तयार झाला हे लीग विचारत नसेल, तर तीन आठवडे थांबूनही आधीच ठरलेलंच नाव जाहीर करता येतं.

नोंदी ठेवणं हा काही उपकार नाही. अमेरिकेच्या संघराज्य नियमांनुसार भरतीची कागदपत्रं किमान एक वर्ष ठेवावी लागतात आणि तक्रार दाखल झाली तर ती निकालात निघेपर्यंत. फ्लोरेस यांनी आधार घेतला आहे तो १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा; तिथे आधी समान रोजगार संधी आयोगाकडे जावं लागत नाही, पण वर्ण हेच निर्णायक कारण होतं हे सिद्ध करावं लागतं. ते सोपं नाही. म्हणूनच खटला कोणासमोर चालतो याला महत्त्व. हे वाद लीगच्या आयुक्तांसमोरच्या लवादात जावेत, असा लीगचा आग्रह होता. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य अपील न्यायालयाने तो फेटाळला. वादातला पक्षच पंच असेल तर तो लवाद नावापुरताच, असा त्या निकालाचा आशय आहे. जायंट्स, डेन्व्हर, ह्यूस्टन आणि खुद्द लीगवरचे दावे त्यामुळे उघड न्यायालयात चालू शकतात.

तिथे कागदपत्रं मागवली जातील तेव्हा क्रीडा पानांनी साक्षींपेक्षा तीन गोष्टींवर नजर ठेवावी: कराराचा पहिला मसुदा संगणकावर कोणत्या तारखेला तयार झाला, एजंटला पहिला फोन कोणत्या दिवशी गेला, आणि त्या दोन तारखांनंतर कोणाकोणाला विमानाची तिकिटं पाठवली गेली.

आपला,
एक वाचक